पटाशीची विश्रांती

अमरावतीच्या कापूस बाजारातले दलाल खुशालराव यांच्या घरी एक जुना रंधा होता. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तो उंबऱ्याशी टेकवून ठेवलेला असे. सन अठराशे चौसष्टच्या उन्हाळ्यात एक गोरा साहेब कापूस पाहायला आला, त्या रंध्याला अडखळला, आणि पडता पडता इंग्रजीत काही बोलला. काय बोलला ते कोणालाच कळले नाही. परंतु साहेब रंध्याकडे बोट दाखवून बोलले, बोलताना तांबडेलाल झाले होते, आणि बराच वेळ बोलायचे थांबले नाहीत, हे बाजारातल्या प्रतिष्ठित गृहस्थांनी डोळ्यांनी पाहिले. इतक्या कळकळीने साहेब केवळ आवडलेल्या वस्तूबद्दलच बोलतात, असे एकमताने ठरले.

दुसऱ्याच दिवशी रंधा उंबऱ्यावरून उठून दिवाणखान्यात गेला.

तिकडे अमेरिकेत लढाई चालू होती आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या कापसाशिवाय गती नव्हती. त्यामुळे अमरावतीत संपत्ती आली होती. त्या संपत्तीला शोभतील असे पूर्वज मात्र आले नव्हते. भिंतीवर एक जुनी करवत टांगली की ती उणीव भरून निघे. पाहुणा विचारी, "ही कोणाची?" यजमान डोळे मिटून म्हणे, "आजोबांची." कोणाच्या आजोबांची, हे विचारण्याची पद्धत नव्हती.

पाहता पाहता 'वऱ्हाड प्रांत जीर्ण औजार संग्राहक व उद्धारक मंडळी' स्थापन झाली. खुशालराव अध्यक्ष झाले. पुण्याकडून आलेले एक निवृत्त कारकून, केशवराव, चिटणीस नेमले गेले. त्यांनी जन्मात खिळा ठोकला नव्हता, म्हणून त्यांचे मत निःपक्षपाती मानले जाई. मंडळीचे दलाल गावोगाव फिरले. जन्मभर राबून मिळाले नसते तेवढे लाकूड तासायच्या एका वाकसाचे मिळते आहे, हे पाहून सुतारांनी वाकस दिले, मग रंधे दिले, मग करवती दिल्या. औजार नसल्याने त्यांना काम करता येईना, आणि काम नसल्याने औजार विकल्याचे दुःखही होईना. एलिचपूरपासून अकोल्यापर्यंत मोडकी चाके मोडकीच राहू लागली. औजारे दुर्मीळ होत चालल्याबद्दल मंडळीने मासिक सभेत समाधान व्यक्त केले.

अकोल्याला जयवंता नावाची सुताराची लेक होती. त्या पावसाळ्याच्या अखेरीस तिचा बाप वारला. त्याला मुलगा नव्हता, ही एकच. ती सासरहून आली, दिवस झाले, आणि घर आवरताना तिला औजारांचा कोनाडा रिकामा दिसला.

त्यांच्या घरी एक रिवाज होता. खंडेनवमीला औजारे धुऊन पाटावर मांडायची, शेंदूर लावायचा, आणि त्या दिवशी त्यांना विश्रांती द्यायची. दसऱ्याच्या सकाळी मात्र, वर्षभरात घरातले जे माणूस गेले असेल त्याचे औजार घरातल्या कोणीतरी हाती धरायचे आणि लाकडावर एकदा चालवायचे. एक चीप निघाली की झाले. तोवर गेलेल्या माणसाचा हात कामावरून सुटत नाही, असे त्या घरात मानत. जयवंताला बापाची लाकूड कोरायची पटाशी हवी होती, आणि दसरा तोंडावर आला होता.

अंगणात तिचे काका सूर्यभान गाडीला जुंपलेल्या बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू बांधत होते.

"काका, बापाची पटाशी कुठं हाये?"

"देली."

"कोनाले?"

"अमरावतीच्या मंडळीले. अवं, अशी काहून पाहून राहिली माह्याकडे? म्या माहीबी देली. आता भितीवर बसून राहीन ते, मोठमोठे लोकं येऊन पाहतीन. आपल्या बाप-आज्यालेबी नसंल भेटला असा मान!"

"दसरा आला, काका."

"त मंग? बैलं पूजू. घुंगरं पाह्य कसे वाजून राहिले!"

बैलांनी माना हलवल्या आणि घुंगरू खरोखरच सुरेख वाजले. गाडी जागची हलली नाही. तिच्या चाकाच्या दोन आऱ्या निखळल्या होत्या, आणि त्या बसवून देईल असा सुतार अकोल्यात नव्हता. सूर्यभान स्वतः सुतार होते.

जयवंता पायीच अमरावतीला निघाली. मूर्तिजापूरच्या वाटेवर कापसाच्या गाड्या एकीमागे एक कलंडून उभ्या होत्या. गाडीवानांनी कापसावरच बिछाने घातले होते, आणि जगातला सर्वांत महाग कापूस उशाशी घेऊन ते उपाशी झोपले होते.

मंडळीचे सभागृह नवे होते. भिंतींवर वाकस, करवती, रंधे आणि पटाश्या लाल मखमलीवर टांगल्या होत्या. केशवराव मेजामागे बसले होते.

"अर्जदार कोण?"

"मी, सायेब. जयवंता."

"बाई, तू नव्हेस. औजार परत मागण्याचा अर्ज औजाराच्या वतीने करावा लागतो. अर्जदार पटाशी. तिचे गाव?"

"अकोला."

"वय?"

"माह्या आज्यानं घडवून आनली होती. त्याच्या लग्नाच्या साली."

"म्हणजे साधारण दोनशे वर्षे," केशवरावांनी लिहिले. "स्वभाव?"

"पटाशीचा?"

"मग कोणाचा?"

जयवंताने विचार केला. "गुमान राहते. मारली त लागते."

"शांत, परंतु करारी," केशवरावांनी लिहिले, आणि उठून तिला तिसऱ्या भिंतीपाशी नेले. पाते तिने लांबूनच ओळखले. मूठ मात्र शिसवी होती, नक्षीची, गळ्यात चांदीचे वळे घातलेली.

"हे मूठ हिची नोहे. बापाची बाभळीची होती."

"तिचा जीर्णोद्धार झाला. जुनी मूठ फार वाईट स्थितीत होती. हाताळून हाताळून काळी पडलेली, बोटांच्या जागी खड्डे. पाहवेना. ती आम्ही आंघोळीच्या बंबात घातली."

जयवंता पुढे झाली. तिने पात्यावरून अंगठा फिरवला.

"धार?"

"काढून टाकली. एका सभासदांचे बोट कापले होते."

"मंग हे आता कापीन कशानं?"

"कापणे!" केशवराव दयेने हसले. "बाई, कापणे हा औजाराच्या आयुष्यातला अगदी क्षुद्र भाग. त्यातून आम्ही यांना सोडवले आहे."

तेव्हा जयवंताने ती चूक केली, जी खरे बोलणारी माणसे कचेरीत नेहमी करतात: तिने कारण सांगितले. "सायेब, आमच्यात रिवाज हाये. खंडेनवमीले अवजाराची पूजा करतो. पूजेच्या दिवशी त्याले हात लावत नाई, त्याले विश्रांती असते. मंग दुसऱ्या दिवशी…"

"थांब." केशवराव भराभर लिहीत होते. "पूजेच्या दिवशी विश्रांती. हात लावत नाही. हे तुमच्या जातीत पूर्वापार आहे?"

"हो, पन ते अर्धं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी…"

"उरलेले पुढच्या बैठकीत घेऊ."

"कवा हाये बैठक?"

"दसऱ्यानंतर."

त्याच संध्याकाळी मंडळीने ठराव केला. औजारांची पूजा वर्षातून एकदाच होते, ही त्यांची उपेक्षा आहे. यापुढे ती रोज व्हावी. पूजेच्या दिवशी औजाराला हात लावायचा नाही, असा खुद्द सुतारांचाच पूर्वापार रिवाज आहे. तो मंडळी मोडू इच्छित नाही. सबब, यापुढे कोणत्याही दिवशी कोणत्याही औजाराला हात लावू नये. सकाळी पुजारी यायचा, पळी-पंचपात्रातले पाणी दुरूनच शिंपडायचा, आणि पाती गंजत जायची. जितका गंज चढे तितके औजार अधिक प्राचीन होई, तेव्हा पुजाऱ्याचा खर्चही कारणी लागत होता.

दुसऱ्या दिवशी जयवंता पुन्हा आली. केशवरावांनी तिला ठराव वाचून दाखवला.

"सायेब, हे तुमी माहंच बोलनं मलेच वाचून दाखवून राहिले."

"अर्थात. मंडळी लोकांचे ऐकते," केशवराव म्हणाले.

तिने नवरात्र अंबादेवीच्या देवळाच्या ओसरीवर काढले. रोज सकाळी ती सभागृहात जाई, रोज तिला सांगण्यात येई की पटाशीची आज पूजा झाली आहे, आणि रोज ती "उद्या येतो" म्हणून परते. दरम्यान मंडळीच्या खुर्च्यांचे पाय एकेक करून निखळले. दुरुस्तीसाठी भिंतीवरचा एक हातोडा काढावा, असे शिपायाने सुचवले, तेव्हा त्याला ताकीद मिळाली. सभासद जमिनीवर बसू लागले आणि ही जुनी देशी पद्धत आपण पुन्हा सुरू केली, याचा त्यांना अभिमान वाटू लागला. मग दाराची बिजागरी गेली. नवे दार करायला सुतार पुष्कळ मिळाले. त्यांनी ओल्या फळ्या, रंधा न फिरवता, दगडाने ठोकून चौकटीत बसवल्या. दार बसले, एवढेच पाहून मंडळीने त्यांचे आभार मानले.

दसऱ्याच्या सकाळी सगळे सभासद जरीचे रुमाल बांधून आत जमले. बाहेर गाडीवानांची गर्दी झाली होती, म्हणून दार आतून जोर लावून लोटून घेण्यात आले. पूजा झाली, आरती झाली, प्रसाद झाला. मग कळले की दार उघडत नाही.

जयवंता आली तेव्हा खिडकीच्या गजांना धरून खुशालराव उभे होते.

"कोन हाये? अवं बाई, दार लोट!"

तिने खांदा लावला. "नाई सरकत, मालक. खालून चौकटीत फसलं."

"त सुतार बोलाव ना!"

"सुतार लय हायेत. हे काय, समदे मागं उभेच हायेत. अवजार नाई."

"काहून नाई? गेले कुठं अवजारं?"

"तुमच्या पाठीमागं टांगले हायेत."

खुशालरावांनी मागे वळून पाहिले. मग मंडळीची तातडीची सभा भरली, आणि ती खिडकीतून बाहेर नीट ऐकू येत होती.

"आजची पूजा झाली आहे," केशवराव म्हणाले. "औजारे विश्रांतीत आहेत. नियमाला अपवाद केला तर उद्या कोणीही काम करू लागेल."

"ओ चिटणीस, मले सोनं वाटाले जायाचं हाये! घरी व्याही येऊन बसले!"

"भावना समजू शकतो."

"भावना नोहे, भूक हाये!"

बराच खल होऊन एक मधला मार्ग निघाला. औजार कामासाठी देता येत नव्हते; पण दीर्घ विश्रांतीनंतर प्रकृतीसाठी त्याला हवापालटाला पाठवण्यास रिवाजात कोठेही मनाई नव्हती. बाकीच्या पटाश्यांच्या नव्या जाड मुठी गजांत अडकत होत्या; आरपार जाईल एवढी अरुंद एकच होती. ठराव एकमताने संमत झाला, आणि तिसऱ्या भिंतीवरची पटाशी हवापालटासाठी खिडकीबाहेर आली.

जयवंताने ती दोन्ही हातांनी घेतली. पायरीच्या दगडावर बसून तिने ओंजळभर पाणी मागितले, आणि पाते घासायला सुरुवात केली. दगडावर पाते फिरत होते तेवढाच आवाज होता.

"अगं, काय करतेस!" केशवराव गजांवर आले. "दोनशे वर्षांचा गंज आहे तो!"

"नवरात्रातला हाये, सायेब. बाप असता त लागला नसता."

धार आली. तिने ती नखावर लावून पाहिली, बाप पाहत असे तशी. मग खाली वाकून, दार जिथे फसले होते तिथे फळीला पाते टेकवले आणि वरून दगड मारला. एक चीप निघाली. पातळ, आत वळलेली, ओल्या लाकडाचा वास असलेली. जयवंताने ती कपाळाला लावली, पदरात बांधली, आणि तशीच डोळे मिटून थोडी बसली.

मग ती उठली. तिने शिसवी मूठ पिळून पात्यावरून उपसली आणि चांदीच्या वळ्यासकट गजांतून आत दिली.

"हे तुमचं."

"अवं, अजून मार ना!" खुशालराव ओरडले. "दार हलून राहिलं! आनखी दोन मार!"

"एकच असते, मालक."

"काहून एकच?"

"रिवाज हाये. सायेबानं अर्धा लिवून ठेवला. हा राहिलेला अर्धा."

आणि पाते पदराखाली धरून ती अकोल्याच्या वाटेला लागली.

आता वाचक विचारतील की आतल्या मंडळींचे पुढे काय झाले. ही काळजी योग्यच आहे; ते प्रतिष्ठित गृहस्थ होते आणि त्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. दिवस मावळायच्या आत गाडीवानांनी धुरा मारून दार फोडले आणि सर्व जण सुखरूप घरी गेले. पटाशीचेही गाव, वय आणि स्वभाव आपल्याला माहीत आहे. ती ज्याची होती त्या माणसाचे नाव काय, हे मात्र मंडळीत एकानेही विचारले नाही. पण त्यांना दोष देता येत नाही. त्यांच्यापुढे सभा होत्या, ठराव होते, शेवटी तर दारच अडकले होते. आपल्याला तशी काहीच अडचण नव्हती. आपण निवांत बसून वाचत होतो.