धोंडूकाकांचा पुकारा

महाडच्या न्यायालयात कुणालाही नुसत्या नावाने हाक मारणे शिपाई धोंडूकाकांना अपुरे वाटे. दाराशी उभे राहून ते पुकारत, "सखाराम बाळू मोरे, वरची वाडी, बायकोला दमा हाय ते, हाजिर हो!" न्यायाधीशांनी समज दिली, तेव्हा म्हणाले, "सायेब, पोलादपूरकडं सखाराम मोरे पाच हायत. भलत्यालाच शिक्षा व्हायची."

मी वकिलीत उशिरा आलो. सरकारी वकिलांच्या हाताखाली मान खाली घालून बसत असे. तरी पहिल्याच आठवड्यात काकांनी माझे गाव, वय आणि अविवाहितपण व्हरांड्यात जाहीर केले होते.

पुढे एका कारखान्यातील आगीचा खटला उभा राहिला. एक कामगार दगावला होता. मागचे दार बाहेरून कुलूपबंद होते, असा जबाब एका कामगार स्त्रीने नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर दिला होता. न्यायाधीशांनी ठरवले, की नुसता कागद चालणार नाही. तिने पडद्याआडून शपथेवर सांगावे, उलटतपासणीला उत्तरे द्यावीत, तरच ते पुराव्यात धरले जाईल. आदेशात तिचे नाव होते 'साक्षीदार अ'.

"अ म्हंजे कोण? कुठल्या वाडीची?" काका कासावीस झाले.

"काका, तेच तर सांगायचे नाही."

त्या दिवशी व्हरांड्यात पोटगीच्या, जमिनीच्या तारखांना आलेल्या पंधरा-वीस बायका बसल्या होत्या. कारखान्याची दोन माणसे खांबाला टेकून पाहत होती.

"साक्षीदार अ, हाजिर हो!"

कुणी हलेना. दुसऱ्या पुकाऱ्यालाही नाही. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की जी उठेल ती उघडी पडेल. आम्ही पडदा लावला होता, पण तिथवरची वाट उघडीच ठेवली होती. तिसऱ्या पुकाऱ्यानंतर तिला गैरहजर धरले जाणार होते.

काकांनी घसा खाकरला. "समद्या बाया उठा गो! पडद्यामागल्या खोलीत बसायचं!"

"माझी जमिनीची तारीख हाय रे," एक आजी कुरकुरली.

"मग पंख्याखाली बस जरा. जमीन कुठं पळत नाय."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिले आणि मान डोलावली.

तासाभरात दार, कुलूप, वेळ, सारे शपथेवर नोंदले गेले. बायका घोळक्याने बाहेर आल्या, तेव्हा काका भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"काका, हे काय?"

"माझा लेक त्याच कारखान्यात हाय," ते पुटपुटले. "मला कळलं तर जेवताना जीभ सुटंल माझी. नकोच बघायला."

जाता जाता आजीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिच्या मागच्या बाईने ठेवला. मग एकेक करून सगळ्यांनीच.

काका वळले नाहीत.