तबीथाचा लेखी खुलासा

एका जंगलात, बाळांनो, एक वाघ होता, सहा लांडगे होते आणि एक मंडळी होती. वाघाला सगळे भीत. तबीथा मंडळीलाच जास्त भ्यायची.

मंडळी म्हणजे प्रभूवर विश्वास ठेवणारे प्राणी. दर रविवारी ते वडाखाली उपासनेला जमत. त्या वडालाच ते देऊळ म्हणत. पाळकसाहेब वारुळावर उभे राहून उपदेश करीत.

पाळकसाहेब गाढव होते. हा अपमान नव्हे हं. ते खरोखरच चार पायांचे, लांब कानांचे गाढव होते आणि त्यांना त्याचा रास्त अभिमान होता. "पवित्र शास्त्र काढून बघा," ते म्हणत. "आमच्या घराण्यातली एक जण देवदूताला बघून बोलली. एकानं प्रभूला पाठीवर घेऊन यरुशलेमेत नेलं. सिंहांनी काय केलं? दानीएलला त्यांच्या गुहेत टाकलं तेव्हा तोंड बंद ठेवलं, एवढंच."

आता तबीथा. ती होती भेकर. भेकर म्हणजे हरणाच्या नात्यातलं एक बुटकं जनावर. पान पडलं की ते दचकतं. तबीथा पान पडायच्या आधीच दचकून घ्यायची, म्हणजे ऐनवेळी धांदल नको. डोंगरापलीकडच्या कॉलेजात जाऊन ती बी.ए. झाली होती. आईला वाटलं होतं, शिकली की भीती जाईल. भीती काही गेली नाही. तिची इंग्रजी नावं तेवढी पाठ झाली.

बरं, घाबरलं की बाकीची भेकरं पळतात. तबीथा हसायची. ठरवून नाही. पोटातून एक बुडबुडा उठायचा, गळ्याशी यायचा आणि फुटायचा. परीक्षेत प्रश्नपत्रिका हातात पडली की हसू. लस टोचताना हसू. मुलगा बघायला आला तेव्हा ती इतकी घाबरली, इतकी घाबरली, की पाहुणे चहा न घेताच उठले.

आणि सगळ्यांत जास्त भीती तिला वाटायची देवळात. तिथं हसायचं नसतं ना, म्हणून.

जगात एकच जागा अशी होती जिथं तिला भीती वाटत नसे. जांभळीच्या झाडाखाली. मोठ्यांची उपासना वडाखाली चाले, त्याच वेळी जांभळीखाली लहानग्यांची शब्बाथशाळा भरे. तिथं तबीथा अकरा पिल्लांना शास्त्रातल्या गोष्टी सांगे. सशाची चार, मुंगसाची तीन, साळिंदराची दोन, एक खारूताई आणि एक कोणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण नेमानं यायचं.

पिल्लांची आवडती गोष्ट सारेची. नव्वदीच्या सारेला देव म्हणाला, तुला मूल होणार, आणि सारा तंबूच्या दाराआड हसली. पिल्लं त्याचा खेळ करीत. एक जण सारा होऊन बुंध्याआड उभं राही आणि म्हणे, "मी हसले नाही." मग बाकीची दहा देव होऊन एका सुरात म्हणत, "नाही, हसलीसच." मग सगळे लोळत. तबीथासुद्धा लोळायची. तिथं ती भीती नसताना हसायची, आणि तसं हसताना पोटात दुखत नाही, हे तिला नवलाचं वाटे.

पण महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीची भाकर आणि रस, असे. त्या दिवशी शाळेला सुट्टी, आणि सगळ्यांनी वडाखाली यायचं.

असाच एक पहिला रविवार होता. भाकर झाली, करवंदाचा रस झाला. पाळकसाहेबांनी शेवटची प्रार्थना सुरू केली. ती लांबली. त्यांनी आजाऱ्यांसाठी मागितलं. पावसासाठी मागितलं. वाघाचं अंतःकरण पालटावं म्हणून मागितलं. गाण्याच्या चालीवरून भांडून पलीकडच्या पिंपळाखाली गेलेल्या मंडळीला सद्बुद्धी मिळावी म्हणून तर दोनदा मागितलं.

तबीथा डोळे मिटून उभी होती. तिच्या मनात आलं, आता आपण हसलो तर? झालं. बुडबुडा निघाला.

तेवढ्यात पाळकसाहेब आमेनला पोचले. "आ" साधाच होता. "मेन" मात्र त्यांच्या घराण्याच्या सुरात गेला. वर फांदीला उलटं लटकून एक वटवाघूळ झोपलं होतं. ते सुटलं आणि थेट अर्पणाच्या टोपलीत करवंदांवर पडलं. पडल्या पडल्या झोपेतच ते म्हणालं, "आमेन."

तबीथा हसली. चांगली खळखळून हसली. मग सगळं जंगल गप्प झालं आणि ती एकटीच हसत राहिली.

मंडळीच्या चिटणीस घोरपडबाई. घोरपड एकदा चिकटली की सुटत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. घोरपडबाई नियमाला चिकटल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी पळसाच्या पानावर नोटीस आली.

"आपण प्रभुभोजनप्रसंगी हसलात. का हसलात, कशाला हसलात व किती हसलात, याचा लेखी खुलासा आठ दिवसांत पंचांपुढे करावा. खुलासा असमाधानकारक आढळल्यास शब्बाथशाळा आपल्याकडून कायमची काढून घेण्यात येईल. तूर्त वर्ग चिटणीस स्वतः घेतील."

तबीथाला वाटलं, त्यापेक्षा वाघानं खाल्लं असतं तर बरं. वाघ निदान खुलासा मागत नाही.

तिनं खुलासा लिहिला. शिकलेली होती, म्हणून तीन पानं लिहिला आणि खाली तळटीपा दिल्या. मग तो घेऊन ती तळ्यावर पाळकीणबाईंकडे गेली. पाळकीणबाई म्हणजे आधीच्या पाळकांची विधवा. कासव. त्यांचं वय विचारायची पद्धत नव्हती.

"सलाम, पाळकीणबाई."

"सलाम. ये. आधी बस बघू. उभ्यानं थरथरतेस, माझं तळं गढूळ होतंय. काय लिहिलंयस? वाच."

तबीथानं घसा साफ केला. "'प्रस्तुत लेखिका त्या प्रसंगी हसली नाही.'"

"मग काय केलंस?"

"खोकले. तळटीप क्रमांक दोन."

पाळकीणबाईंनी मान पुरती बाहेर काढली. त्या असं वर्षातून एकदाच करीत. "तूच ना गं पोरांना सारेची गोष्ट शिकवतेस? सारा का म्हणाली, मी हसले नाही?"

"घाबरली होती म्हणून."

तबीथा बोलून गेली. ही गोष्ट तिनं पन्नास वेळा सांगितली होती. ती आपली आहे, हे मात्र एकदाही डोक्यात आलं नव्हतं. बी.ए. झालेल्यांचं असं होतं कधीकधी.

"मग देवानं काय केलं? नोटीस दिली?"

"नाही. 'हसलीस' एवढंच म्हणाला."

"आणि शिक्षा?"

"मूल दिलं. त्याच्या नावाचा अर्थच हसू." तबीथा विचारात पडली. "पण पाळकीणबाई, माझं अजून लग्नही व्हायचंय."

पाळकीणबाईंनी डोकं आत ओढून घेतलं. बराच वेळ नुसती पाठ हलत होती.

बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, "आमचे हे दर पुनरुत्थानदिनी, प्रभू कबरेतून उठला त्या दिवशी, वारुळावरून एक विनोद सांगायचे. कबरेवरच्या पहारेकऱ्यांचा. चाळीस वर्षं तोच. मंडळीला पाठ होता, तरी हसायची. हे म्हणायचे, मरणाची फजिती झाली त्या दिवशी नाही हसायचं, तर काय पंचांच्या बैठकीत हसायचं?"

"मग ते बंद कसं पडलं?"

"हे नवे पाळकसाहेब आले नि पडलं. वाईट नाहीत गं ते. पाळकाचं शिक्षण घेत होते ना, तेव्हा ते हसले की सगळा वर्ग त्यांच्या आवाजाला हसायचा. त्या दिवसापासून हसणंच टाकलं त्यांनी. तू जा, आणि खरं ते सांग. दोन ओळींत. तळटीपा माझ्याकडे ठेव, मासे खातील."

आठव्या दिवशी पंच बसले. मध्ये पाळकसाहेब. उजवीकडे रेडा, डावीकडे मोर, आणि लिहायला घोरपडबाई. तबीथा वाटभर घोकत आली होती, मी हसले, मी हसले, मी हसले. पण समोर ते चार चेहरे दिसले आणि बुडबुडा निघाला. ती हसली.

घोरपडबाईंनी लिहिलं, "पुन्हा हसली. वेळ सव्वादहा."

पाळकसाहेबांनी कान पाडले. "बाई, एकच विचारतो. त्या दिवशी माझ्या आवाजाला हसलीस का?"



"हो, पाळकसाहेब," तबीथा म्हणाली. "म्हणजे आधी भीतीनं. मग आवाजाला. मग ते वटवाघूळ टोपलीत पडलं, आणि पडून 'आमेन' म्हणालं, तेव्हा त्याला. मला वाटलं, देवालाही गंमत वाटली असेल. माझं चुकलं असेल. पण मी हसले."

"वटवाघूळ आमेन म्हणालं?"

"झोपेत."

पाळकसाहेबांचा वरचा ओठ हलला. मग खालचा हलला. मग त्यांनी मान वर केली आणि इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. वडाची पानं थरथरली. पलीकडच्या पिंपळाखालची मंडळीसुद्धा गाता गाता थांबली.

आता गाढवाचं हसणं आणि गाढवाची प्रार्थना ऐकायला सारखीच. पंचांनी चटकन माना खाली घातल्या आणि डोळे मिटले. आवाज थांबला तसा रेडा भारदस्तपणे म्हणाला, "आमेन."

"फार मनाला भिडणारी प्रार्थना," मोर डोळे टिपत म्हणाला.

पाळकसाहेबांनी तबीथाकडे पाहिलं. त्यांचा एक कान उभा होता, एक आडवा.

इथं गोष्ट संपायला हवी होती, नाही का? पण बैठक संपली नव्हती.

"खुलासा मान्य," घोरपडबाई म्हणाल्या. "हसण्याला सारेच्या गोष्टीचा शास्त्राधार आहे, हेही दिसतं. मग ते असं मोकाट कशाला ठेवायचं? पवित्र हास्य उपसमिती नेमू. तबीथाताईंना अनुभव आहे. त्या अध्यक्ष."

"पण शाळा?" पाळकसाहेब म्हणाले.

"अध्यक्षांनी दर रविवारी वडाखाली उभं राहून मंडळीला हसवायला नको? शाळेचं मी बघते आहेच."

तबीथाला नाही म्हणायचं होतं. पण ती घाबरली होती. ती "हो" म्हणाली.

तेव्हापासून उपासनेच्या क्रमात नवी ओळ आली. तिसऱ्या गायनानंतर आणि अर्पणाच्या आधी "हास्य, सर्वांनी उभे राहून." तबीथा वारुळाशेजारी उभी राही आणि खूण करी. मंडळी म्हणे, "हा. हा. हा." चौथा हा ऐच्छिक होता. तो कोणी म्हणत नसे.

आणि गंमत बघा. तबीथाचं हसूच आटलं. भीती वाटे, पण बुडबुडा निघेना. आईला आनंद झाला. "सुधारली हो," ती शेजारणीला म्हणाली. "आता स्थळ बघायला हरकत नाही."

जांभळीखाली घोरपडबाई पिल्लांना शास्त्रातलं विलापगीत शिकवीत होत्या. पहिल्या अध्यायापासून.

एका रविवारी वडाखाली तिसरा हा संपला, आणि जांभळीकडून हसू ऐकू आलं. अकरा गळ्यांचं. थांबेचना. थोड्या वेळानं घोरपडबाई तरातरा वडाखाली आल्या. वाचता वाचता त्यांच्या डोक्यावर एक पिकलेलं जांभूळ पडलं होतं आणि तिथंच चिकटलं होतं. त्यांना पत्ता नव्हता. सगळ्या मंडळीनं ते पाहिलं. पण हास्याची वेळ संपली होती, म्हणून सगळे गंभीर राहिले.

"वर्ग अवेळी हसला," घोरपडबाई म्हणाल्या. "अकरा नोटिसा काढल्या आहेत. अध्यक्षांची सही हवी."

तबीथानं अकरा सह्या केल्या. कारण ती घाबरली होती.

त्या आठवड्यात ती झोपली नाही. उघड्या डोळ्यांसमोर अकरा पिल्लं पळसाची पानं घेऊन उभी दिसायची.

पुढच्या रविवारी खुलासे आले. नियमाप्रमाणे ते अध्यक्षांनी मंडळीपुढे वाचायचे होते. पिल्लं खाली ओळीनं बसली होती. ती तिच्याकडे बघत नव्हती. तबीथानं पहिलं पान उचललं.

"'मी हसलो नाही.'"

दुसरं उचललं. "'मी हसले नाही.'" तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर तेच. जे कोणाचं ते कळत नव्हतं त्याला लिहिता येत नव्हतं. त्यानं एक घोरपड काढली होती आणि तिच्या डोक्यावर एक जांभळा ठिपका.

तबीथानं मान वर केली. आता सगळी पिल्लं तिच्याकडेच बघत होती. वाट बघत होती.

"नाही," तबीथा म्हणाली. "नाही, हसलातच."

आणि बुडबुडा फुटला. पिल्लं लोळायला लागली. तबीथाही लोळली. वारुळावरून पाळकसाहेबांनी मान वर करून मोठ्यानं सूर लावला, तशी मंडळीनं भक्तिभावानं डोळे मिटले. पाळकीणबाईंची तेवढी पाठ हलत होती.

घोरपडबाईंनी वेळ लिहून घेतली. ताबडतोब पंच बसले. अध्यक्ष नियोजित वेळेबाहेर हसल्या, सबब त्यांना पदावरून काढण्यात यावं, आणि शिक्षा म्हणून मंडळीतलं सर्वांत कमी मानाचं काम जन्मभरासाठी देण्यात यावं. ते काम म्हणजे शब्बाथशाळा. ठराव पाळकसाहेबांनी मांडला. चेहरा अत्यंत गंभीर ठेवून.

तबीथानं दुःखी दिसायचा खूप प्रयत्न केला, असं म्हणतात. इतिवृत्तात तशी नोंद नाही.

तात्पर्य: देवाच्या घरी हसू नये, बाळांनो. शिक्षा चुकत नाही. सारेला एक मूल झालं. तबीथाला अकरा झाली.