किशन गुरुजींचं पाखरू

किशन गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात एका पाखराचं चित्र असतं. आधार कार्डासारखं प्लास्टिकमध्ये बसवून घेतलेलं. समोर कुणीही येवो, ओळखीचा किंवा परका, नमस्कार झाला की दुसऱ्या मिनिटाला ते चित्र बाहेर येतं आणि गुरुजी विचारतात, "ह्याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

समोरचा माणूस चित्र बघतो. चिखलाच्या रंगाचं, पाठीवर पिवळट रेघा असलेलं पाखरू. अंग मुठीएवढं आणि चोच मात्र भलतीच लांब. चित्र गुरुजींनी स्वतः काढलेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं ते चित्रकला शिकवत होते, तरीही लोक म्हणतात, "गुरुजी, चोच जरा जास्त झाली." त्यावर गुरुजी शांतपणे सांगतात, "चोच देवानं काढली. मी फक्त उतरवली."

रेणापुरात गुरुजींच्या आणि माझ्या घराची भिंत एक आहे, त्यामुळे ह्या चित्राचा पहिला बळी मीच. मला पक्ष्यांतलं चिमणी, कावळा आणि ताटातली कोंबडी एवढंच कळतं. पण हरायचं नाही म्हणून मी मोबाइलवर शोधलं आणि ऐटीत सांगितलं, "पाणलावा! पाण्यातला लावा म्हणून पाणलावा."

"ते पुस्तकातलं," गुरुजी म्हणाले. "पुस्तकातलं नको. तोंडातलं द्या."

हा त्यांचा पेटंट शब्द. पुस्तकातलं नको, तोंडातलं द्या. बँकेच्या कॅशिअरलाही हेच सांगितलं. मागे लाईन दारापर्यंत. कॅशिअर म्हणाला, "गुरुजी, केवायसीला तुमचा फोटो लागतो, पाखराचा नाही." लातूरला मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले तर डोळ्यात थेंब घालणाऱ्या सिस्टरपुढे चित्र धरलं. ती म्हणाली, "ही तर सलाइनची सुई!" गुरुजी खूश. डोळ्याला पट्टी असताना त्यांनी चाचपत वहीत लिहिलं, 'सलाइन-सुई, सिस्टर, लातूर.' माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाही हे मध्ये बसले आणि नवऱ्या मुलाच्या आजोबांना चित्र दाखवलं. आजोबा तासभर शिकारीच्या गप्पा मारत राहिले, मुलीला प्रश्न विचारायचे राहूनच गेले. लग्न मात्र जमलं.

ती वही बघण्यासारखी आहे. आडत बाजारातल्या हमालानं नाव दिलं, 'दाभण्या', कारण त्याच्या हातात दिवसभर पोती शिवायचं दाभण. एका टेलरनं 'टाचणी'. उदगीरचे एक म्हातारे चाचा म्हणाले, "हमारे अब्बा इसको चाहा बोलते थे. टेढा-मेढा उडता ना, इसको मारना सबके बस की बात नहीं."

"लई मजा हाय," गुरुजी मला म्हणाले होते. "नावात पाखरू कमी अन् नाव देणारा जास्त दिसतो."

मी लातूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेत काम करतो. आमच्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी सांगितलं की ह्या पाखराला इंग्रजीत स्नाइप म्हणतात आणि ते टिपणं इतकं अवघड की त्यावरून लपून नेम धरणाऱ्या बंदूकवाल्याला स्नायपर म्हणायला लागले. मी ही माहिती मिठाईसारखी घरी आणली. गुरुजींचा चेहरा उतरला.

"म्हणजे चिखलात बसणार हे बिचारं, अन् नाव मारणाऱ्याला? ऱ्हाऊ द्या. हे नको लिहायला."

ते दोन दिवस नाराज होते. मला राग आला. एवढी दुर्मीळ माहिती मी फुकट आणून द्यायची आणि वर ह्यांनी तोंड पाडून बसायचं! मी तणतणत विचारलं, "तुम्हाला नेमकं हवंय तरी काय?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. जळकोटच्या पलीकडे त्यांचं गाव. गावाला तलाव. हिवाळ्यात पाणी मागे हटलं की उघड्या पडलेल्या गाळात त्यांचे वडील हरभरा पेरायचे, आणि त्या चिखलात ही पाखरं उतरायची. वडील त्यांना एका खास नावानं हाक मारायचे. ते नाव गुरुजी विसरले. थोरले भाऊ नामदेवदादा, त्यांना ते माहीत. पण दादांना लकव्याचा झटका आला, उजवा हात गेला आणि वाचा गेली. कुणी नाव घेतलं तर हो की नाही एवढं मानेनं सांगतात.

"म्हणून मी नावं गोळा करायलोय," गुरुजी म्हणाले. "दर दुसऱ्या रविवारी जातो, वाचून दाखवतो. दादा हाय तोवर सापडलं पाहिजे. बापाचा शब्द हाय, भाऊ."

माझा राग जागच्या जागी विरघळला. त्या दिवसापासून मीही कॉलेजात नावं विचारत सुटलो. प्राचार्यांनी मला एकदा रजा घ्या असंही सुचवलं.

यंदा संक्रांतीनंतरच्या रविवारी मी गुरुजींबरोबर गेलो. दादा अंगणात उन्हाला बाजेवर बसलेले. धाकट्या भावाला बघून त्यांनी डावा हात उचलला. गुरुजी खाली घोंगडीवर बसले, चष्मा लावला आणि हजेरी घ्यावी तशी वही वाचायला लागले.

"टाचणी?"

दादांनी मान हलवली. नाही.

"सलाइन-सुई?"

नाही.

"दाभण्या? आडतीतल्या हमालानं दिलंय."

दादा अर्ध्या तोंडानं हसले. हसता हसता लाळ ओघळली, ती गुरुजींनी आपल्या उपरण्यानं पुसली आणि पुढचं नाव घेतलं. अकरा नावं झाली. अकराही नाही. "बरं, ऱ्हायलं. पुढच्या खेपेला बघू," म्हणून गुरुजींनी वही मिटली. दादा समाधानानं डोळे मिटून उन्हात बसले. नाव सापडलं नव्हतं आणि दोघांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. मीच एकटा हळहळत होतो.

पाणी प्यायला आत गेलो. दादांच्या पत्नी, वहिनी, भाकरी थापत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, ते नाव तुमच्या कानावर कधी पडलं नाही का हो?"

"पडलं की. मामंजी त्याला दचक्या म्हनायचे," वहिनी तव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "पायाशी येईस्तोर दिसत न्हाई. एकदम फर्रकन उठतंय अन् मानूस दचकतंय."

"मग सांगत का नाही गुरुजींना?"

"सांगायचं काय त्यात? भावजींनी पयल्याच रविवारी घेतलं हुतं ते नाव. मी हितंच हुते. ह्यांनी मान हलवली, न्हाई म्हनून." त्यांनी भाकरी उलटली. "तीन हिवाळे झाले. मी कशाला मधी बोलू?"

परतीच्या एसटीत माझ्या पोटात ते मावेना. गुरुजी खिडकीशी बसले होते. चाकूर मागे पडेपर्यंत मी कसाबसा तग धरला. मग म्हणालो, "गुरुजी, समजा ते नाव आधीच येऊन गेलं असेल, आणि दादांनीच..."

"दचक्या," गुरुजी म्हणाले.

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हता?"

"इसरलो कधी होतो मी? बांधावरच्या एका बाभळीपायी अकरा वर्सं आमचं बोलणं बंद. बाभूळ वाळून चुलीत गेली, तरी कुणी तोंड उघडंना. अन् एक दिवस कळलं, दादाला झटका आला." त्यांनी चष्मा काढून पुसला. "जायचं कसं? रिकाम्या हातानं जाता येतं भाऊ, रिकाम्या तोंडानं न्हाई. कायतरी काम पाहिजे. म्हणून पाखरू काढलं. म्हटलं, बापाचा शब्द इसरलो, तेवढा सांग."

"आणि पहिल्याच दिवशी..."

"हाव. धीर निघंना, खरं नावच तोंडातून गेलं. म्हटलं, संपलं. आता हा हाव म्हणणार, माझं काम होणार, अन् मला उठावं लागणार. दादानं माझ्याकडं बघितलं. लई वेळ बघितलं. अन् मान हलवली, न्हाई."

गुरुजींचा चेहरा पोटभर जेवलेल्या माणसासारखा दिसत होता.

"तवा कळलं मला," ते म्हणाले. "दादा म्हणत हुता, पुन्हा ये."