भोपळ्याखालचा रेडिओ

"या भोपळ्याला बसायला जागा कुठंय?" स्टिअरिंगवरचे हात न हलवता लॉरीने विचारलं.

"माझ्या मांडीवर बसलाय की. तुला काय त्रास?" ग्लेनिस म्हणाली.

"आधी तुझ्या टोप्या, मग शिंपले, आता भोपळा. मी कॅरव्हान ओढतोय की बाजारातली हातगाडी?"

ग्लेनिसने त्याच्या खिडकीबाहेर पाहिलं. उजवीकडे समुद्र नुसता चमकत होता. पण लॉरीबुवांना दिसत होते ते फक्त रस्त्यातले खड्डे. घरून, बेंडिगोहून निघाल्यापासून हेच चाललं होतं. गादी कडक, वारा खारट, पलीकडच्या कॅरव्हानमधला माणूस घोरतो, इतके पक्षी सकाळी ओरडायचेच कशाला!

आमच्याकडे माणूस निवृत्त झाला, की कॅरव्हानचं चाकांवरचं घर गाडीला जोडतो आणि किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सुटतो. दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांना "बसा हं, पाचच मिनिटं" असं सांगत ग्लेनिसने उभा जन्म काढला, तो याच आशेवर. लॉरी नळजोडणीच्या धंद्यातला. तो घरातून हलायला तयार नव्हता. शेवटी तह झाला. वाटेवरच्या कॉफ्स हार्बर या बंदरगावापर्यंत जायचं. तिथे पोचेपर्यंत लॉरीला मजा वाटली नाही, तर गाडी वळवायची, घर गाठायचं आणि कॅरव्हान विकून मोकळं व्हायचं. आणि कॉफ्स आज संध्याकाळी येणार होतं.

पेट्रोल पंपावर लॉरीने टाकी भरली आणि गाडी सावलीला घेतली. ग्लेनिस दूध-पाव आणायला उतरली. भोपळा घरंगळू नये म्हणून लॉरीने तो तिच्या सीटवर नीट दाबून बसवला. त्या सीटवर गाडीतून गाडीत बोलायच्या रेडिओचा माइक पडला होता. भोपळा बसला तो थेट माइकच्या बटणावर.

आता या रस्त्याला लागलेल्या सगळ्या कॅरव्हानवाल्यांचे रेडिओ एकाच चॅनेलवर असतात. मागून ट्रक येतोय, पुढे काम चाललंय, अमक्या गावात कोळंबी ताजी आहे, असल्या बातम्या दिवसभर चालू असतात. बटण दाबलेलं असलं की आपलं बोलणं सगळ्यांना ऐकू जातं आणि आपल्याला मात्र कुणाचंच येत नाही. म्हणजे भोपळा हलेपर्यंत लॉरीला सावध करणं देवाच्याही हातात नव्हतं.

दुकानातल्या रांगेत ग्लेनिसच्या पुढे मर्ल उभी होती. कालच्या मुक्कामातली शेजारीण. तिच्या गळ्यात छोटा रेडिओ लटकत होता आणि त्यातून लॉरी गात होता. बेसूर, पण मनापासून.

"अगंबाई, हा तुझाच ना?" मर्ल म्हणाली.

"माझा? माझा गात नाही गं. माझा कुरकुरतो."

गाणं थांबलं. "आणि त्या मर्लचा खजुराचा केक!" रेडिओ म्हणाला. "मी न्हाणीघरात तो फरशीला वापरला असता ना, तर पन्नास वर्षं पाणी झिरपलं नसतं."

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. मर्लचा चेहरा बीटासारखा झाला. ग्लेनिसला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ती बाहेर धावणार, एवढ्यात रेडिओचा आवाज एकदम मऊ झाला.

"काय डचेसबाई, थकलात का? आज फार चढ लागले, नाही?"

"डचेस कोण?" मर्लने डोळे बारीक केले.

"कॅरव्हान असेल," ग्लेनिस पुटपुटली. "पण तो तर तिला खटारा म्हणतो!"

"ग्लेनिसला सांगू नकोस हं," लॉरी बोलतच होता. "इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती. जन्मभर लोकांच्या मोऱ्या उपसल्या, आणि हा समुद्र इथे असाच उभा होता! परवा ते डॉल्फिन आले तेव्हा मी रडलो. डोळ्यांत वाळू गेली म्हणून सांगितलं. आणि ती पाण्यात उभी, त्या वेड्या टोपीत... लग्नाआधी दिसायची तश्शी. पण कबूल करायची सोय आहे का? मरेपर्यंत 'मी म्हणत नव्हते?' ऐकावं लागेल."

गल्ल्यावरची मुलगी सुटे पैसे हातात धरून तशीच उभी राहिली. मर्लने डोळे पुसले. मग तिला केक आठवला. "तरी मेला फरशी म्हणालाच," ती म्हणाली.

ग्लेनिस गाडीत परतली आणि तिने भोपळा उचलून मांडीवर घेतला.

"किती वेळ!" लॉरी खेकसला. "इथे उकडून जीव चाललाय माझा."

"हो ना रे," ग्लेनिस म्हणाली आणि उरलेला रस्ताभर खिडकीकडे तोंड करून बसली. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं लॉरीला वाटलं आणि त्याने अर्धा तास चक्क एकही तक्रार केली नाही.

कॉफ्सच्या मुक्कामावर ऊन उतरलं तशा सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडल्या. जो तो आपापला ग्लास घेऊन आला. लॉरी दिसला की लोक माना खाली घालून खोकायचे. मर्लने बशी पुढे केली. "घे, लॉरी. फरशी खा."

"काय?"

"काही नाही, घे."

ग्लेनिसने घसा साफ केला. "लॉरी, कॉफ्स आलं. शब्द म्हणजे शब्द. तुला मजा आली नाही. उद्या सकाळी परत फिरायचं."

लॉरी खुर्चीत पुढे सरकला. "उद्या? उद्या रविवार. गर्दी असते."

"मग सोमवारी."

"सोमवारी पाऊस असेल."

"असू दे. घरीच जायचंय, भिजायचं थोडंच आहे!"

"अगं पण... डावं चाक! डावं चाक आवाज करतंय. त्याच्यावर परत नाही जाता येणार. पुढे जायला हरकत नाही, पण परत... धोका आहे."

मर्लचा नवरा स्टॅन जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस. तो तोंडावरची रेष न हलवता म्हणाला, "पुढे चालतं आणि मागे चालत नाही, असं चाक मी आजवर बघितलं नाही. दाखव बरं."

सगळे हसू दाबून बसले होते. लॉरीने स्टॅनकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, मग ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लास खाली ठेवला.

"मला घरी नाही जायचं, ग्लेनिस," तो म्हणाला. "झालं समाधान? नाही जायचं. मजा येतेय मला. पहिल्या दिवसापासून येतेय."

ग्लेनिसचे डोळे भरून आले. "हे माझ्या तोंडावर बोलायला तुला कॉफ्सपर्यंत यावं लागलं होय रे?"

"आता म्हण. 'मी म्हणत नव्हते' म्हणून टाक."

"नाही म्हणणार. पण बरं झालं, बाई. कारण घरी गेला असतास तरी आत कुणी घेतलं नसतं. दुपारी दुकानाबाहेरून मी तुझ्या पुतणीला फोन केला. तिला बाळासाठी मोठं घर हवंच होतं. आपलं घर वर्षभरासाठी दिलंय तिला. शुक्रवारी सामान घेऊन येतेय."

"वर्षभर!" लॉरी उभाच राहिला. "दुपारी? दुपारी तुला काय माहीत मी काय म्हणणार ते?"

सगळ्यांनी एकदम आपापल्या ग्लासात डोकी घातली.

"आणि मला विचारायचं तरी!" लॉरी म्हणाला.

"विचारलं असतं तर काय म्हणाला असतास?"

लॉरीने प्रामाणिकपणे विचार केला.

"नाही म्हणालो असतो," तो म्हणाला आणि खाली बसला.