परातीबाहेरचं पीठ

सोमवारी दुसरं दुकान उघडायचं होतं आणि तिथे पाव भाजायला माणूस नव्हता. पाटी लागली होती, भट्टी बसली होती. बाबा असते तर दोन्ही दुकानांत स्वतःच उभे राहिले असते आणि दोन्हीकडे ओरडले असते. ते जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. त्यांचा एप्रन जुन्या भट्टीशेजारच्या खिळ्यावर तसाच होता.

लेक मात्र निश्चिंत होती. माणूस निवडायची बाबांची पद्धत तिला पाठ होती. उमेदवाराला आतल्या खोलीत बसवायचं, समोर फुगायला ठेवलेल्या पिठाची परात ठेवायची आणि निघून जायचं. पीठ कडेला आलं की जो न विचारता उठून हात घालतो, तो आपला माणूस. बाकी सगळं शिकवता येतं, असं बाबा म्हणायचे.

बाबा एकेकाला निवांत बसवायचे. लेकीला तेवढा वेळ नव्हता. तिने आंबवण दुप्पट घातलं, परात भट्टीजवळ सरकवली आणि तिघांना एकदमच बसवलं: हॉटेलात मुरलेला एक टोपीवाला, नुकताच डिप्लोमा घेतलेली चष्मेवाली आणि बिस्किटांच्या कारखान्यातले एक काका. मग ती दाराच्या काचेला नाक लावून उभी राहिली. काउंटर सोडून आत्याही आली.

पीठ कडेला आलं. टोपीवाल्याने पाय आवरले.

"उठतोय बघ," लेक पुटपुटली.

तो उठला नाही. पीठ टेबलावर उतरलं. चष्मेवालीने पर्स मांडीवर घेतली. काकांनी डोळे मिटले.

"अगं, ते त्याच्या बुटाकडे निघालंय!"

"थांब, आत्या."

"गेला बूट."

"थांब ना!"

"माणसं बोलावलीस की पुतळे?"

आत्याने कधी पिठाला बोट लावलेलं लेकीने पाहिलं नव्हतं. पीठ भावाचं, गिऱ्हाईक बहिणीचं, अशी घरातली वाटणी होती. पण आता तिने दार ढकललं, खिळ्यावरचा एप्रन ओढला आणि बांधला. नाडीचे दोन वेढे बसले.

"उठा! पाहुणचाराला आलात काय? ए टोपी, परात धर. बाई, टेबलावर कोरडं पीठ भुरभुरा. आणि काका, डोळे उघडा, मी काही वाईट दिसत नाही!"

तिघेही ताडकन उठले. सांडलेलं गेलं, पण परातीतल्या पिठाचे गोळे बघता बघता वळले गेले. हात तिघांचेही सराईत होते.

"मग इतका वेळ बसून का राहिलात?" लेकीने विचारलं.

"मॅडम, जाहिरातीतच होतं," टोपीवाला बूट खरवडत म्हणाला. "अत्यंत संयमी माणसंच हवीत. आम्हाला वाटलं, हीच परीक्षा."

"मी असं काही लिहिलं नव्हतं!"

"मी फोनवर सांगितलं घालायला," आत्या म्हणाली. "तुझ्या बापासारखा आणखी एक तापट मला झेपला नसता."

पाव बाहेर आले. आत्याने एक उलटा केला, बोटांच्या पेरांनी तळाला टकटक केलं आणि मान तिरकी करून कान लावला. लेक बघतच राहिली. मान अगदी तेवढीच तिरकी.

"हे बाबांकडून कधी शिकलीस?"

"त्याच्याकडून? आणि त्याला कुणी शिकवलं?"

"मग तू जन्मभर काउंटरवर का राहिलीस?"

"पहिल्या दिवशी त्यालाच उभा केला होता बाहेर. दुपारपर्यंत निम्म्या गिऱ्हाइकांशी भांडला. काय करणार?"

तिघांनाही कामावर घेतलं. सोमवारी जुन्या दुकानाला सुट्टी देऊन नवं दुकान वेळेवर उघडलं. भट्टीवर आत्या, हाताखाली तिघे, काउंटरवर लेक. पहिल्याच गिऱ्हाइकाने पाव उलटसुलट करून नाक मुरडलं.

"जरा जास्तच भाजलाय, नाही का?"

"पाव असाच भाजतात," लेक म्हणाली. "पांढरा हवा असेल तर घरी जा आणि कच्चं पीठ खा!"

आत भट्टीपाशी सगळे हात थांबले. हुबेहूब बाबांचाच आवाज होता. आत्या क्षणभर वळली, जणू एप्रनचा खिळा याही भट्टीशेजारी असावा. मग एप्रन आपल्याच अंगावर आहे हे तिच्या लक्षात आलं.

"टोपी," ती डोळे पुसत म्हणाली, "हात धू आणि जाहिरातवाल्यांना फोन लाव. काउंटरला माणूस हवाय म्हणावं. अत्यंत संयमी."