मनकर्णाबाईंचे मौन

काकासाहेबांच्या हातून लोणच्याची बरणी फुटली आणि मनकर्णाबाई त्यांना एका शब्दानेही रागावल्या नाहीत. हर्सूलच्या त्या घरात असे कधी घडले नव्हते. वाकड्या काढलेल्या चपलांवरूनही या बाईने नवऱ्याला कधी सोडले नव्हते आणि इथे तर सालभराची कैरी जमिनीवर पसरली होती.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "काच लागली नाय ना?"

काकासाहेबांनी स्वतःच केरसुणी आणली.

या नवलाचे कारण त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात होते. तपासणीत त्यांचे कोलेस्टेरॉल बरेच वाढलेले निघाले. त्यात साखर, शिवाय वडील ऐन उमेदीत छातीत कळ येऊन गेलेले. डॉक्टरीणबाईंनी रोज रात्री घ्यायची गोळी लिहून दिली. "तुम्हाला काही झालेलं नाही, काका. होऊ नये म्हणून ही." बायको उगाच घाबरेल, म्हणून काकासाहेबांनी घरात चकार शब्द काढला नाही.

पण सदरा भिजवताना मनकर्णाबाईंना खिशात गोळ्यांचे पाकीट सापडले. ते घेऊन त्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या. दुकानात गर्दी होती. "हार्टची गोळी आहे, काकू. टायमावर द्या अन् पेशंटला टेन्शन देऊ नका," एवढेच दुकानदार म्हणाला.

मनकर्णाबाईंच्या माहितीत आधी दुखणे येई, मग औषध. म्हणजे अटॅक येऊन गेला आणि या माणसाने मला कळू दिले नाही! त्या देवापुढे बसून रडल्या, पाकीट होते तसे ठेवून दिले आणि यापुढे नवऱ्याला उलट बोलायचे नाही असे ठरवले. त्यांच्यासारख्या बाईला हे किती जड गेले असेल, ते त्यांच्या शेजाऱ्यांनाच ठाऊक.

मग त्यांनी गंगापूरला भावाला फोन केला. बन्सी मिळेल त्या जीपने आला. लग्नाच्या वरातीत बैल कोणी बुजवले आणि गाडी ओढ्यात कोणामुळे उलटली, यावर त्याचे आणि काकासाहेबांचे आजवर एकमत झाले नव्हते.

"चूक माझीच होती, दाजी," बन्सी खाली मान घालून म्हणाला. "बैल मीच बुजवले."

"बन्सी, तुला बरं नाय का?"

"मला लई बरंय. तुमी पडून ऱ्हावा."

तेवढ्यात शेजारचा सांडू आला. कधीकाळी नेलेली शिडी त्याने न मागता आणून भिंतीला टेकवली. ती पाहून मात्र काकासाहेबांचा धीर सुटला. डॉक्टरीणबाईंनी आपल्याला एक सांगितले आणि घरच्यांना दुसरेच, याबद्दल त्यांना शंका उरली नाही. छाती जड वाटू लागली. त्यांनी तडक रिक्षा करून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढून पाहिला. "ठणठणीत आहात, काका. गोळी घेताय ना?"

"घेतो. पण घरात माझ्याशी कुणी भांडंना."

"मग बरंय की."

"काय बरंय, बाई? जीव लागंना माझा तिथं."

घरी येताच ते मनकर्णाबाईंपुढे बसले. "खरं सांग. डॉक्टरीणबाईनं तुला काय सांगितलं?"

"मला कोण सांगतंय? अटॅक तर तुमीच लपवला."

"कोणता अटॅक? अगं, तो कधी येऊच नाय म्हणून गोळी दिलीया. आत्ताच तपासून आलो. ठणठणीत हाय म्हणल्या."

"म्हंजी आलाच नाय?"

"नाय."

मनकर्णाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. बराच वेळ तो तिथून हलला नाही. काकासाहेबांचेही डोळे भरून आले. हिला घाबरवायचे नाही म्हणून आपण गप्प बसलो आणि तीच एकटी घाबरत राहिली, याचे त्यांना फार वाईट वाटले.

मग पदर खाली आला.

"अन् बरणी? ती काय आपोआप पडली व्हय? सालभराचं लोणचं मातीत घातलं! अन् सदऱ्याच्या खिशात गोळ्या ठेवत्यात का कुणी? धुतल्या असत्या म्हंजी?"

बरणीवरून गाडी चपलांवर आली आणि चपलांवरून वरातीच्या बैलांवर. काकासाहेब भिंतीला टेकून ऐकत राहिले. छाती हलकी झाली होती.

"बैल तुमीच बुजवले होते, दाजी," ओसरीवरून बन्सी म्हणाला. सांडू दिवेलागणीला येऊन शिडी घेऊन गेला.

जेवणे झाल्यावर मनकर्णाबाईंनी पाण्याचा पेला आणि गोळी काकासाहेबांच्या हातात दिली.

"घ्या गुमान," त्या म्हणाल्या. "माझं अजून लई बोलायचं ऱ्हायलंय."