शुक्रवारचा कचरा, दहापट जवळून

चूक शोधण्यात आपला हात कुणी धरणार नाही, ही एकच बढाई होझुमीसान आयुष्यभर मारत आले होते, आणि तीही मनातल्या मनात, हळू आवाजात! अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेली. एखादा स्वल्पविराम जागचा हलला तरी तो त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. माणसांशी बोलायची वेळ आली की मात्र हाच गृहस्थ गोगलगाईसारखा शंखात शिरायचा. या गल्लीत राहायला येऊन त्यांना एकतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात त्यांच्या घराकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. बोट दाखवावं इतकं ते घर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं म्हणा!

"एकतीस वर्षं मी या घराचं नाव जपलंय," त्यांची बायको सुमिए म्हणायची. "तुम्ही काही केलं नाहीत तरी चालेल, फक्त त्याला धक्का लावू नका."

त्या गुरुवारी संध्याकाळी गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष कुरामोची दारात उभे राहिले. हातात साबणाच्या वडीएवढी एक चंदेरी वस्तू.

"होझुमीसान, मंडळाला नवा कॅमेरा घ्यायचाय. मेळाव्याचे फोटो काढायला. दुकानदारानं हा आठवडाभर वापरून बघायला दिलाय. तुम्ही बघा आणि गुण-दोष लिहून द्या."

"मी? मला कॅमेऱ्यातलं ओ की ठो कळत नाही हो!"

"कॅमेऱ्यातलं नसेल कळत, पण दोषातलं कळतं ना? मग झालं तर!"

नाही म्हणायला धैर्य लागतं. ते होझुमीसानांकडे नव्हतं. त्यांनी कॅमेरा घेतला.

शुक्रवारी सकाळी सहाला त्यांनी त्यात बॅटरी घातली. कॅमेऱ्यानं डोळे उघडले आणि पहिलाच प्रश्न विचारला, आजची तारीख काय? होझुमीसानांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं. या घरात ते पान न्याहारीनंतर, चहाचा पेला खाली ठेवून फाडायची पद्धत. न्याहारी अजून व्हायची होती. पानावर गुरुवारच होता!

इथंच माशी शिंकली.

होझुमीसानांनी पानावरची तारीख कॅमेऱ्यात घातली. मग अडतीस वर्षांच्या सवयीनं तीनदा ताडून पाहिली. एकदा भिंत, एकदा कॅमेरा. आकड्याला आकडा जुळला! मूळ प्रत आणि मुद्रित तंतोतंत! मूळ प्रतच शिळी असेल, ही शंका मुद्रितं तपासणाऱ्याला कधी येत नाही.

आता फोटो कशाचे काढायचे? माणसांना "जरा उभे राहता का?" म्हणायची तर सोयच नव्हती. पण कॅमेऱ्याची नजर किती तीक्ष्ण आहे हे बघायचं तर बारीक अक्षरच हवं, आणि गल्लीतलं सगळ्यात बारीक अक्षर कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या जागेच्या फलकावर होतं. ओला कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी आठपर्यंत. आदल्या दिवशी ठेवू नये, कावळे पिशव्या फाडतात! होझुमीसानांनी माडीच्या खिडकीतून नेम धरला आणि दहापट जवळ आणलं.

काय ती अक्षरं! भिंगातून वाचावीत तशी! होझुमीसान लहान मुलासारखे हरखले. सात ते पावणेनऊ ते खिडकीत ठाण मांडून बसले. फलकासमोर लोक येत होते, पिशव्या ठेवत होते, जात होते. फोटोत माणसं आली तर येऊ देत, त्यांना वाटलं. हलती वस्तू टिपता येते की नाही तेही कळेल!

शनिवारी फोटो दोन-दोन प्रतींत छापून आले. प्रत्येकाच्या कोपऱ्यात नारिंगी तारीख. शनिवारची आख्खी दुपार खर्ची घालून त्यांनी परीक्षण लिहिलं. प्रामाणिक माणूस, शब्दन् शब्द तोलून लिहिलेला. फोटोंच्या एका संचासकट पाकिटात घालून रविवारी कुरामोचींना दिलं.

"तुमचं लिखाण आणि मी तपासू?" असं म्हणून कुरामोचींनी ते न उघडता गल्लीच्या फिरत्या फाइलीला लावून टाकलं. ही फाइल घरोघर जाते. वाचायची, आपल्या नावाचा शिक्का मारायचा, शेजारी पोचवायची. नऊ घरांची गल्ली. एरवी फाइलीला फिरायला आठवडा लागतो. या वेळी ती वणव्यासारखी पसरली!

सोमवारी सकाळी दार वाजलं. दारात काजितानीबाई! कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या त्या स्वयंघोषित फौजदार. दुसऱ्यांच्या पिशव्यांच्या गाठी सोडून आत डोकावणाऱ्या. आज त्या कमरेत दुमडून, डोकं गुडघ्याला टेकवून उभ्या होत्या. हातात तांदळाच्या बिस्किटांचा डबा.

"होझुमीसान, तोंड दाखवायला जागा राहिली नाही!"

होझुमीसानांना दरदरून घाम फुटला. "काय... काय झालं?"

"तुम्ही सगळं पाहिलंत. तेही दहापट! आणि तोंडावर एक शब्द बोलला नाहीत. किती सभ्यपणे लिहिलंत! 'श्रीमती काजितानींच्या पिशवीची दुहेरी गाठसुद्धा स्पष्ट दिसते.' मी वाचलं आणि मटकन खालीच बसले. आणि कोपऱ्यात तारीख गुरुवारची! मी, मी काजितानी, आदल्या दिवशी कचरा ठेवला! मला तर शपथेवर वाटत होतं तो शुक्रवार होता. पण कॅमेरा कशाला खोटं बोलेल? वय झालं बघा."

"अहो, मी फक्त गाठीबद्दल..."

"नका, नका! आता लपवून उपयोग नाही. गेल्या वर्षीची ती फुटकी किटलीही तुम्ही पाहिली असणार. हो, भाजीच्या देठांखाली मीच दडपली होती. लोखंडी कचऱ्याचा वार विसरले होते. मला क्षमा करा!"

त्या गेल्या. होझुमीसान डबा छातीशी धरून थिजल्यासारखे उभे. किटली? कसली किटली? त्यांनी धावत जाऊन परीक्षणाची आपल्याजवळची प्रत काढली आणि पहिल्यांदाच ती दुसऱ्याच्या डोळ्यांनी वाचली. गुण या शब्दाखाली त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: कॅमेऱ्याचा आवाज होत नाही, त्यामुळे समोरच्याला पत्ता लागत नाही. रंग खरे येतात, श्री. ओनोदेरांच्या पिशवीतली कांद्याची पात हिरवीगार दिसते. तारीख आपोआप छापली जाते, मागाहून वाद उरत नाही. आणि दोषांमध्ये: सकाळच्या कमी उजेडात चेहरे चोरट्यासारखे दिसतात. हा दोष कॅमेऱ्याचा असावा, व्यक्तींचा नसावा, असे वाटते.

"अरे देवा!" होझुमीसान पायरीवरच बसले.

"काय केलंत तुम्ही?" मागून सुमिएचा आवाज आला.

"परीक्षण," ते पुटपुटले.

संध्याकाळपर्यंत उंबऱ्यात भेटवस्तूंचा ढीग लागला. टॉवेल, चहाची पुडी, लोणच्याची बरणी. कुरामोचींनी तर स्वतः न येता खरबूज पाठवलं, लाकडी पेटीतलं, लग्नात देतात तसलं! सोबत चिठ्ठी: 'अध्यक्षानेच नियम मोडला, याहून मोठी नामुष्की नाही.' सगळ्यांचा एकच सूर: आम्हाला शुक्रवार वाटला होता, पण कॅमेरा म्हणतोय गुरुवार, म्हणजे आमचंच डोकं चालेनासं झालंय! आणि गंमत म्हणजे होझुमीसानांनाही तसंच वाटू लागलं. फोटो आपण शुक्रवारी काढले असं आठवतंय खरं. पण फोटोवर छापलंय गुरुवार. छापलेल्यावर विश्वास ठेवायचा की आपल्यावर? होझुमीसानांनी आयुष्यात कधीही आपल्यावर ठेवला नव्हता.

मंगळवारी सकाळी गल्लीत विलक्षण दृश्य दिसलं. आठाला पाच मिनिटं कमी असताना लोक पिशव्या घेऊन बाहेर आले, आणि प्रत्येकाच्या दुसऱ्या हातात आजचं वर्तमानपत्र! आधी एकमेकांच्या वर्तमानपत्रातली तारीख बघायची, मान डोलवायची, मगच पिशवी खाली ठेवायची!

पण खरा धक्का दुपारी बसला. ओनोदेरा आले. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस. वेळेआधी बस सोडणं म्हणजे पाप, असं मानणारा. गल्लीत होझुमीसानांशी गप्पा मारणारा एकुलता एक प्राणी. दर रविवारी दोघं पटावर काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडून बसत.

"होझुमीसान, निरोप घ्यायला आलो. लेकीकडे सेंदाई शहरात चाललो, कायमचा."

"काय?"

"गाडीचा परवाना सकाळी परत करून आलो. स्मृती तपासायला डॉक्टरांची वेळ घेतलीय. अहो, चौतीस वर्षांत एक बस मिनिटभर आधी सोडली नाही मी, आणि कचरा एक दिवस आधी? उद्या गॅस उघडा ठेवीन! लेक म्हणाली, 'बाबा, घर विकून टाका आणि या.'" त्यांनी हसायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. "तुमच्या कॅमेऱ्यानं वेळेवर सांगितलं, फार उपकार झाले."

ते गेल्यावर होझुमीसान आपल्याजवळच्या फोटोंच्या संचाकडे वळले. भिंग घेतलं. आयुष्यभर जे केलं तेच केलं, अक्षर अक्षर तपासत गेले. पहिला फोटो, दुसरा, दहावा... आणि शेवटच्या फोटोवर भिंग थांबलं. फलकापाशी कचऱ्याची हिरवी गाडी उभी होती! पिशव्या आत टाकल्या जात होत्या! ही गाडी गुरुवारी येत नाही. जन्मात कधी आलेली नाही! आठही घरांनी हे फोटो पाहिले, पण प्रत्येकानं फक्त स्वतःचा चेहरा शोधला. गाडीकडे कुणाचं लक्षच गेलं नाही!

त्यांनी सावकाश भिंतीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग न्याहारीच्या टेबलाकडे. आणि अडतीस वर्षांचा मुद्रितशोधक कपाळावर हात मारून घेता झाला.

संध्याकाळी सहाला मंडळाची बैठक होती. "अहो, गप्प राहिलात तर घराचं नाव राहील," सुमिए कुजबुजली. "बोललात तर आपण गल्लीभर तोंडघशी पडू."

"बोललो नाही तर ओनोदेरा जाईल," होझुमीसान म्हणाले.

सभागृहात ते उभे राहिले. एकतीस वर्षांत त्यांचा आवाज इथं कुणी ऐकला नव्हता. काहींना तर तो त्यांना आहे हेही ठाऊक नव्हतं!

"तारीख चुकली," ते म्हणाले. "माझी. फोटो शुक्रवारचे आहेत. तुम्ही सगळे बरोबर होता. मी... मी कॅलेंडरचं पान फाडायच्या आधी..." आणि पुढचं सगळं त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं.

मग मागून ओनोदेरांचा घोगरा आवाज आला, "म्हणजे मी आधी सोडली नाही?"

"मिनिटभरही नाही."

ओनोदेरांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यात तोंड लपवलं. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत कळेना. लोकांनी सुस्कारे सोडले. कुणीतरी टाळीही वाजवली. होझुमीसानांचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच काजितानीबाई ताडकन उठल्या.

"मग माझी किटली?"

"ती फोटोत नव्हती," होझुमीसान कसेबसे म्हणाले.

"कसली किटली?" चार-पाच आवाज एकदम उठले.

काजितानीबाई लाल झाल्या, मग जांभळ्या. मग त्यांचे डोळे बारीक झाले. गाठी सोडताना व्हायचे तसे! त्यांनी फाइल पुढ्यात ओढली आणि फोटो मोजायला सुरुवात केली.

"एक शंका आहे. यात आठ घरं आहेत. कुरामोचीसान आहेत, ओनोदेरासान आहेत, मी तर आहेच. नवव्या घराची पिशवी कुठाय? तुमची?"

होझुमीसान गोंधळले. शुक्रवारी पिशवी नेण्याचं काम त्यांचंच. सात ते पावणेनऊ तर ते खिडकीत होते! मग पिशवी? त्यांनी वळून बायकोकडे पाहिलं. घराचं नाव एकतीस वर्षं जपणारी सुमिए मांडीवरच्या हातरुमालाची घडी घालत होती. पुन्हा उलगडत होती. पुन्हा घालत होती.

"दारातच राहिली होती," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "दहाला पाहिलं मी. गाडी निघून गेली होती. आत मासळीची डोकी होती हो! मग... शनिवारी पहाटे..."

"शनिवारी!" काजितानीबाई किंचाळल्या. "बाटल्यांच्या दिवशी! ती पिशवी तुमची? मला वाटलं परगावच्या कुणीतरी चोरून टाकली!"

होझुमीसानांना वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. जमीन काही दुभंगली नाही. त्यांनी कमरेत वाकून माफी मागितली, शेजारी सुमिएनंही. दोघांची डोकी खालीच. आता बोटं उठणार, आठ घरांची ऐंशी!

पण कानावर पडलं ते हसू. आधी ओनोदेरांचं, मग बाकीच्यांचं. "मासळीची डोकी!" कुणीतरी म्हणालं, "उन्हाळ्यात आमच्याकडून खेकड्यांचं झालं होतं तसं!" आणि खुद्द काजितानीबाई सुमिएच्या शेजारी येऊन बसल्या. "पुढच्या वेळी माझ्याकडे आणा," त्या कानात म्हणाल्या, "माझ्या फ्रीजमध्ये ठेवू मंगळवारपर्यंत." एकतीस वर्षांत या घराशी कुणी इतक्या जिव्हाळ्यानं बोललं नव्हतं!

शेवटी कुरामोचींनी घसा खाकरला. "कॅमेऱ्याचा निर्णय अजून व्हायचाय. परवापर्यंत तो आपल्याकडे आहे. होझुमीसान, परीक्षण पुन्हा एकदा लिहून द्या."

"मी?" होझुमीसान दचकले. "अजूनही मीच?"

"तुम्हीच. फक्त या वेळी," कुरामोची शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले, "फोटो फुलांचे काढा."